मृत्युपत्रे लिहून देणारा शिंपी

गेल्या महिन्यात पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मुदत संपली आणि पैसे खात्यात येऊन पडले. पुतण्या म्हणाला, "काका, सगळे परत पोस्टात नका टाकू. थोडे म्युच्युअल फंडात ठेवा." त्याच्या ओळखीचा एक गुंतवणूक सल्लागार घरी आला. पोरगा गुणी. बूट बाहेर काढून आला, पाणी मागून प्यायला, आणि मग बॅगेतून एक प्रश्नावली काढली. वय किती, तुमच्यावर अवलंबून कोण, पैसे किती वर्षांनी लागतील, आणि बाजार वीस टक्क्यांनी पडला तर तुम्ही काय कराल : घाबरून विकाल, थांबाल, की आणखी घ्याल? मी म्हटले, चहा घेईन. तो हसला खरा, पण कुठल्या चौकटीत खूण करायची ते त्याला कळेना.

मग त्याने एका फंडाचे माहितीपत्रक दाखवले. जुनी सवय, हातात कागद आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. फंडाचे पैसे कुठल्या कुठल्या कंपन्यांत आहेत ती यादी होती आणि त्यात वरच्या दहांत सिगारेटी बनवणारी एक कंपनी होती. आता आमची उभी नोकरी पोरांच्या खिशातून तंबाखूच्या पुड्या काढण्यात गेली. दर शनिवारी प्रार्थनेनंतर त्यावर दोन शब्द बोलायचो. मी त्याला विचारले, "म्हणजे मी माझ्या फंडाचे पैसे आता यांना द्यायचे?" तो म्हणाला, "सर, हिस्सा अगदी थोडा आहे. आणि कंपनी डिव्हिडंड नियमित देते." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, सर." मी म्हटले, तू कुणाला विचारतोस का? तर म्हणाला, "फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

तो गेल्यावर त्या नसलेल्या रकान्यावरून मला जॉन वुलमन आठवला. तुमच्यापैकी बहुतेकांनी नाव ऐकलेले नसेल. मीही ऐकले नव्हते. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याला रद्दीच्या दुकानात 'हार्वर्ड क्लासिक्स' मालेचा पहिला खंड मिळाला. बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र वाचायचे म्हणून घेतला. त्याच पुठ्ठ्यात फ्रँकलिनच्या पाठीला पाठ लावून या वुलमनची रोजनिशी बांधलेली होती. माझे इंग्रजी बेताचे (आमचे सगळे शिक्षण मराठीतून, बी.ए.सुद्धा), त्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊन सावकाश वाचली. फ्रँकलिन मागे पडला आणि हा माणूस मनात राहिला तो राहिलाच.

वुलमनचा जन्म १७२० सालचा, न्यू जर्सीतला. तेव्हा ती ब्रिटिशांची वसाहत होती. घराणे क्वेकर पंथाचे. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक साधा पंथ. पुरोहित नाही, युद्ध नाही, शपथ घेणे नाही. सभेत सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून काही सांगावेसे वाटेल तो उठून बोलतो. राजा असो वा नोकर, सगळ्यांना इंग्रजीतले एकेरी संबोधन वापरायचे. आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना 'अरे-तुरे' केल्यासारखे! त्यापायी त्यांनी मारही खाल्ला आणि तुरुंगही भोगला. पण गंमत अशी की, एवढी समतेची चाड असणाऱ्या या लोकांच्या घरात त्या काळी गुलाम होते. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या सधन क्वेकर कुटुंबांत तर सर्रास. कुणाला त्यात विसंगत वाटत नव्हते, किंवा वाटत असले तरी कोणी बोलत नव्हते.

एकविसाव्या वर्षी वुलमन माउंट हॉली या गावात एका दुकानदाराकडे कामाला राहिला. हिशेब लिहायचे, गिऱ्हाईक बघायचे. मालकाकडे एक गुलाम बाई होती. मालकाने ती विकली आणि या पोराला सांगितले, खरेदीखत लिही, घेणारा थांबलाय. घेणारा कोण, तर आपल्याच पंथातला एक वयस्क गृहस्थ. वुलमन लिहितो की त्याच्या मनाला ते एकदम टोचले. पण आपण वर्षाच्या करारावर नोकरीला, सांगणारा आपला मालक, विकत घेणारा आपल्यातलाच वडीलधारा माणूस... म्हणून त्याने खत लिहिले. लिहिता लिहिता मात्र दोघांच्या तोंडावर एवढे बोलला की गुलाम बाळगणे आपल्या धर्माला धरून नाही असे मला वाटते. पुढे आपण सरळ नकार द्यायला हवा होता याची रुखरुख त्याला लागून राहिली. काही काळाने दुसऱ्या एकाने तसलेच खत लिहायला सांगितले तेव्हा त्याने नाही म्हटले.

आता इथून गोष्ट खरी सुरू होते. वुलमनचे अक्षर चांगले आणि माणूस भरवशाचा, त्यामुळे गावातले लोक त्याच्याकडून मृत्युपत्रे लिहून घेत. म्हणजे आजच्या भाषेत हा लोकांच्या पैशाअडक्याचा सल्लागारच म्हणायचा. त्या काळच्या मृत्युपत्रात काय असायचे? जमीन, घर, गाई, भांडीकुंडी, आणि या सगळ्यांच्या ओळीत गुलामांची नावे. थोरल्याला अमुक, धाकटीला तमुक. तेव्हा दर वेळी प्रश्न पुढे उभा.

एकदा गावातला एक प्रतिष्ठित म्हातारा मृत्युपत्र लिहून घ्यायला आला. त्याच्याकडे तरुण गुलाम आहेत हे वुलमनला ठाऊक होते. त्याने बाजूला घेऊन खाजगीत विचारले, त्यांचे काय करणार आहात? म्हाताऱ्याने सांगितले. वुलमन म्हणाला, मग मला हे लिहिता येणार नाही, माझ्या मनाची शांती मोडेल. का ते थोडक्यात सांगितले. म्हातारा म्हणाला, बरे, दुसऱ्याकडून लिहून घेतो. भांडण नाही, काही नाही. काही वर्षे गेली. म्हातारा परत आला. त्याचे म्हणणे असे, की ज्या मुलाला गुलाम द्यायचे होते तो तेव्हा उनाड होता, आता सुधारलाय, तेव्हा आता लिहायला तुझी हरकत नसावी. बघा, वर्षानुवर्षे त्याच्या डोक्यात तो नकार घोळत होता, पण कारण त्याने आपल्या सोयीचे समजून घेतले होते! दोघे पुष्कळ वेळ बोलले आणि काम पुढे ढकलले. थोड्या दिवसांनी म्हातारा तिसऱ्यांदा आला आणि गुलाम मोकळे करा असे लिहायला सांगितले. मग वुलमनने मृत्युपत्र लिहिले.

दुसरा प्रसंग मला त्याहून आवडतो. एका शेजाऱ्याला जबर मार लागला. त्या काळच्या रीतीप्रमाणे रक्त काढायला वुलमनला बोलावले. रक्त काढून झाल्यावर शेजारी म्हणाला, आता माझे मृत्युपत्रही लिही. त्याने सांगितले तसे वुलमनने टिपून घेतले. त्यात एक तरुण गुलाम मुलगी कुठल्या अपत्याला द्यायची तेही होते. माणूस वेदनेने हैराण, जगतो की मरतो याचा भरवसा नाही. अशा वेळी वाद तरी काय घालायचा? वुलमनने सगळे मृत्युपत्र लिहिले, फक्त त्या मुलीचा भाग सोडून. कागद खाटेपाशी नेऊन वाचून दाखवला. मग सांगितले की ज्या कागदाने माझ्यासारखाच माणूस गुलाम होतो तो मी लिहू शकत नाही. लिहिलेल्या भागाचे मी काही घेत नाही, राहिलेल्यातून मला मोकळे करा. तिथेच खाटेपाशी दोघे गंभीरपणे बोलत राहिले. अखेर शेजारी मुलीला मोकळे करायला तयार झाला आणि वुलमनने मृत्युपत्र पुरे केले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. त्याचे कारण पुढे सांगतो.

याच पंथात याच काळात बेंजामिन ले नावाचा दुसरा एक गुलामगिरीविरोधक होता. बुटका, पाठीला कुबड, आणि तोंडाने फटकळ. १७३८ साली बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत त्याने पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी लपवून नेली, भर सभेत तलवार खुपसली आणि आजूबाजूच्या गुलाममालकांच्या अंगावर तो 'रक्ता'चा रस उडवला. त्याला पंथाबाहेर काढले. इतिहास शिकवताना मुलांना ले फार आवडला असता, याबद्दल शंका नाही. आणि ले चुकला असे मी म्हणणार नाही, कुणीतरी आधी आरडाओरडा करावाच लागतो. पण ज्याच्या घरात बसून त्याचे मृत्युपत्र लिहायचे त्याच्या अंगावर रस उडवून चालत नाही. वुलमनचा मार्ग दारातून आत जाणारा होता.

आणि आत जाताना तो स्वतःचा हिशेबही चोख ठेवायचा. दक्षिणेकडे दौऱ्यावर गेला की गुलाममालक क्वेकरांच्या घरी मुक्काम करावा लागे. पाहुणचार फुकट, पण त्या पाहुणचारामागे कष्ट कुणाचे? म्हणून १७५७ च्या दौऱ्यात त्याने चांदीची छोटी नाणी बरोबर घेतली. निघताना ती नोकरचाकर म्हणून राबणाऱ्या गुलामांना द्यायची, नाहीतर यजमानाच्या हातावर ठेवून सांगायचे, त्यांना द्या. यजमानाला किती अवघडल्यासारखे होत असेल! त्यालाही होत होते, तसे त्याने लिहिले आहे.

त्याचे स्वतःचे दुकान होते आणि चांगले चालत होते. १७५६ च्या सुमारास धंदा वाढायला लागला तसा त्याने तो कमी करत आणून बंद केला. गिऱ्हाइकांना सांगितले, दुसरीकडून घेत जा. पोटापुरते शिंपीकाम आणि सफरचंदाच्या रोपांची वाटिका एवढेच ठेवले. दुकानातली रम, साखर, काकवी ही वेस्ट इंडीज बेटांवरून येत असे आणि तिथे उसाच्या मळ्यांत गुलाम मरेपर्यंत राबत. पुढे त्याने साखर खाणेही सोडले. न रंगवलेल्या कापडाचे कपडे घालू लागला, टोपीसुद्धा बिनरंगाची. लोक त्याला तऱ्हेवाईक समजत. १७५५ साली युद्धासाठी कर बसला तेव्हा तो द्यायचा की नाही यावरही तो आणि आणखी काही क्वेकर अडून बसले. (आपल्याकडे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हाती विणलेल्या खादीच्या कपड्यांत जाऊन बसले होते. तेही वकील, लोकांचे कागद बघणारे. ही साम्ये मला उगीचच गोड वाटतात.)

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला. पुष्कळांचे म्हणणे, सध्या गप्प बसावे, देव काहीतरी वाट दाखवील. वुलमन शेवटी उठून बोलला. त्यानंतर ठरले की जो गुलामांची खरेदीविक्री करील त्याला पंथाच्या कारभारातून दूर ठेवायचे. आणि एक समिती नेमली. तिचे काम काय, तर ज्यांच्याकडे गुलाम आहेत त्या प्रत्येक कुटुंबाच्या घरी जाऊन बसायचे आणि बोलायचे. वुलमन त्या समितीत होता. घरोघर गेला. म्हातारा ले तोवर हयात होता. निर्णयाची बातमी त्याच्या कानावर गेली आणि पुढल्या वर्षी तो वारला. शेवटी १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्याला पंथातच जागा नाही असा नियम झाला. म्हणजे बोलण्याबोलण्यात अठरा वर्षे गेली. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ उजाडले, तेही एवढ्या रक्तपातानंतर. डेलावेअरचा वॉर्नर मिफ्लिन हा क्वेकर तर आपले गुलाम मोकळे करून थांबला नाही, त्यांच्या मागच्या कामाचा मोबदलाही त्याने दिला.

वुलमन ते बघायला नव्हता. १७७२ साली तो इंग्लंडला गेला. जहाजावर चांगल्या खोलीच्या नक्षीकामावर पैसे उधळलेले दिसले म्हणून खलाशांबरोबर खालच्या भागात राहिला. इंग्लंडात घोडागाडीत बसला नाही, कारण टपालगाड्यांचे घोडे आणि पोरे मरेस्तोवर पळवली जात. पायी चालत यॉर्कला पोचला आणि तिथे देवीच्या साथीत ७ ऑक्टोबर १७७२ रोजी गेला. रोजनिशी १७७४ मध्ये छापली गेली. पुढे १७९१ पासून इंग्लंडात गुलामांच्या श्रमाची साखर न खाण्याची मोठी चळवळ झाली आणि त्यात घरोघरच्या बायका पुढे होत्या. १८२० च्या दशकात तर 'ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही' अशा अर्थाचा मजकूर छापलेली साखरेची भांडी निघाली. म्हणजे आपल्या हिंदुस्थानची साखर तिकडे सद्सद्विवेकबुद्धीची साखर म्हणून खपत होती. इथल्या शेतकऱ्याच्या पदरी काय पडत होते ते मात्र त्या भांड्यावर लिहिलेले नव्हते.

त्यानंतरचा इतिहास भरभर सांगतो, कारण तो जालावर कुठेही मिळेल. १९७१ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, अमेरिकेत ल्यूथर टायसन आणि जॅक कॉर्बेट या मेथॉडिस्ट पंथाच्या दोघांनी पॅक्स वर्ल्ड नावाचा म्युच्युअल फंड काढला. युद्धसामग्रीच्या कंपन्यांत पैसे घालायचे नाहीत हा त्याचा नेम. १९८४ साली इंग्लंडात फ्रेंड्स प्रॉव्हिडंट या संस्थेने 'स्टुअर्डशिप' नावाचा तसाच फंड काढला. ही संस्था मुळात १८३२ साली क्वेकरांनीच सुरू केलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध विद्यापीठांनी आणि चर्चेसनी आपले शेअर विकून टाकले तेही याच वळणाचे. आता आपल्याकडेही पर्यावरण-समाज-कारभार अशी चाळणी लावणारे फंड निघाले आहेत. त्या चाळण्यांची भोके किती मोठी असतात हा वेगळा विषय. असो.

आता ते कारण.

१९८३ साली, मी नोकरीत दहा वर्षांचा झालेलो, आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मला घरी बोलावले. रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वकष्टाने जागा घेऊन घर बांधलेले. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी चालते, आणि गावात माझे अक्षर चांगले म्हणून नाव होते. दोन मुलगे, एक मुलगी. त्यांनी सांगितले, घर आणि जागा दोघा मुलांना निम्मी निम्मी. मुलीचे नाव घालू का, असेही मी विचारले नाही. तेच म्हणाले, "तिचं लग्नात केलंय सगळं, सर." ती मुलगी माझ्याच वर्गातून एसएससी झालेली. पहिल्या पाचात असायची. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सासरहून येऊन आठ महिने तिनेच त्यांचे केले होते. हे सगळे मला माहीत होते. मी वळणदार अक्षरात लिहिले, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही, आणि खाली साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली. चहा घेतला, घरी आलो.

दोन वर्षांनी ते गेले. पुढे एकदा एसटी स्टँडवर ती भेटली. वाकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली. एसटी लागली तेव्हा पिशवी उचलता उचलता म्हणाली, "सर, अक्षर ओळखलं मी." तक्रारीचा सूर नव्हता. चढली आणि गेली.

मी स्वतःला आजवर सांगत आलो की निर्णय त्यांचा होता, मी फक्त लेखनिक. कायद्यानेही त्यांना तो हक्क होताच. मी नाही म्हटले असते तर त्यांनी तलाठ्याकडून नाहीतर वकिलाकडून लिहून घेतले असते. वुलमनच्या त्या म्हाताऱ्यानेही तेच केले असेल. पण मला तर नाही म्हणायचेही नव्हते, फक्त विचारायचे होते. खाजगीत, बाजूला घेऊन, एकच प्रश्न : मुलीचे काय करणार आहात? कदाचित त्यांनाही कुणीतरी विचारायला हवे असेल. तो रकाना माझ्याही कागदात नव्हता.

वुलमनच्या रोजनिशीत १७६९ सालची एक नोंद आहे. कितीतरी वर्षांपूर्वी एका मयताच्या इस्टेटीचे काम त्याच्याकडे आणि आणखी एका गृहस्थाकडे होते. तेव्हा या दोघांनी एका गुलाम मुलाला तीस वर्षांचा होईपर्यंत दुसऱ्याला विकले होते. गोरे पोर एकविसाव्या वर्षी मोकळे होई, मग याला नऊ वर्षे जास्त का? हे त्याला खात राहिले. शेवटी त्याने एक बंधपत्र करून दिले, की त्या तरुणाच्या शेवटच्या साडेचार वर्षांच्या कामाची जी वाजवी किंमत होईल ती मी त्याच्या मालकाला भरीन. साडेचारच का? तर नऊ वर्षांचे दोघे भागीदार, तेव्हा माझा वाटा निम्मा. मला या हिशेबाचे फार नवल वाटते. रडारड नाही, आकडा काढला आणि सही केली.

सल्लागार पोरगा परवा पुन्हा येऊन गेला. सिगारेट आणि दारू नसलेला एक फंड त्याने शोधून आणला. खर्च थोडा जास्त पडतो हेही त्याने आपण होऊन सांगितले. निम्मे पैसे त्यात घातले, निम्मे परत पोस्टात. जाताना मी त्याला त्याच्या प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या पानावर एक प्रश्न लिहून दिला, 'कुठे पैसे नकोत?' त्याने तो मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. पुढे विचारील की नाही, बघू.

शेजाऱ्यांचे ते घर मुलांनी १९९८ साली विकले, तिथे आता तीन मजली इमारत आहे. त्या जागेचा तिसरा हिस्सा किती होईल हे मी काढायला बसलो होतो, पण माझ्या हातात काही देण्यासारखे नाही, आणि तिला ते हवे असेल असेही नाही. ती आता पासष्टीची, मुलाकडे नाशिकला असते. पुढच्या आठवड्यात लग्नानिमित्त तिकडे जाणे आहे. पत्ता मिळवला आहे. जाऊन काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही.